वहीतली नोंद आणि खोक्यातला बल्ब

आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आमच्या विहारात ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. रात्री आठ ते नऊ. पाळीवरून आलेले बांधव तसेच येऊन बसतात, भगिनी भांडी उरकून येतात, आणि पुढच्या दोन रांगा म्हाताऱ्या माणसांच्या. 2024 साली 21 जुलैला वाचन सुरू झाले. चौथ्या-पाचव्या दिवशी पुढच्या रांगेतल्या एका आजींनी आम्हाला बाजूला घेतले आणि म्हणाल्या, “बाबा, आवाज मोप येतोय, पर शबुद काय कळंना. नुसतं हूं हूं हूं. म्या आपली मान हलवीत बसते.”

आम्ही त्या दिवशी मागे जाऊन बसलो आणि कान देऊन ऐकले. आजींचे खरे होते. वाचणारी मुलगी स्पष्ट उच्चाराची, शाळेत बक्षीस मिळवलेली. पण ‘शील’ म्हटले की कानावर ‘ईल’ पडे, ‘चित्त’ म्हटले की ‘इत्त’. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही अशा माणसांसाठीच तर हे वाचन. त्यांच्यापर्यंतच शब्द पोचत नसेल, तर आम्ही तीन महिने कोणासाठी माइक लावत होतो?

कारण आम्हाला ठाऊक होते. निदान ठाऊक आहे असे वाटत होते. विहाराचे जुने स्पीकर पावसाने कुजले. त्यानंतर वस्तीतल्या भीमगीतांच्या पार्टीचा बेस गिटारचा बॉक्स विहारातच ठेवलेला असतो आणि वाचनाला तोच वापरतात. त्यात खाली पंधरा इंची स्पीकर, वर भोंग्याच्या आकाराचा ट्वीटर. जाड आवाज खालच्याने काढायचा, बारीक आवाज वरच्याने. माणसाच्या बोलण्यातले अ, ओ, ऊ हे स्वर जाड, ते मोठ्या स्पीकरातून सहज येतात. पण स, श, च, ट यांची धार बारीक असते, ती सेकंदाला दोन-तीन हजार कंपनांच्या वर जाते. पंधरा इंची जड कागदी पडद्याला इतके झटपट हलता येत नाही, म्हणून ते काम ट्वीटरकडे. आमच्या बॉक्सचा ट्वीटर 14 एप्रिलच्या रात्रीपासून मुका झाला होता. बेस गिटारच्या माणसाला एक वेळ त्याच्यावाचून चालते, त्याचा सगळा जोर जाड आवाजावर. वाचनाला मात्र चालत नाही.

तो मुका कसा झाला याची आमच्या वहीत नोंद होती. आम्ही समितीचे खजिनदार. नोंद आमच्याच हातची, मे महिन्याच्या बैठकीची : “बेस वाजविणाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे ट्वीटर जळाला. नुकसान अंदाजे रु. 4,000. दरमहा रु. 500 प्रमाणे वसूल करणे.” बेस वाजवणारा मुलगा वीस-एकवीस वर्षांचा, मागच्या चाळीतल्या एका ताईंचा. ताई एका दवाखान्यात आयाचे काम करतात, घरात दुसरे कमावते माणूस नाही. मुलाने मे, जून, जुलै असे तीन हप्ते आणून दिले. आम्ही पावत्याही दिल्या. मात्र मे महिन्यापासून त्याने पार्टी सोडली आणि रात्रपाळीला एका गोदामात जाऊ लागला. ताईंनीही विहारात येणे सोडले. आम्हाला वाटले, वेळ मिळत नसेल.

चार हजारांचा आकडा कसा आला तेही सांगतो. मे महिन्यात आम्ही ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर चौकशी केली. एका दुकानदाराने बॉक्स न पाहताच सांगितले, “ट्वीटर उडाला साहेब, नवीन टाका. नाहीतर बॉक्सच बदला, जुने झाले ते.” आम्ही भाव लिहून घेतला आणि परत आलो. केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी काय सांगितले, हे आम्ही आजवर किती भाषणांत सांगितले असेल! आणि एका दुकानदाराने खोके न उघडता सांगितलेले आम्ही ठरावात लिहून मोकळे झालो.

आजींच्या बोलण्यानंतर आम्ही रेडिओवाल्या आप्पांकडे गेलो. आप्पांनी तरुणपणी गिरणीची पाळी करून रात्रीच्या वर्गाला रेडिओ दुरुस्तीचे शिक्षण घेतले. वस्तीतला प्रत्येक ट्रान्झिस्टर त्यांच्या हातून गेलेला आहे. आता दृष्टी अधू झाली, हातही थरथरतो. म्हणाले, “मी येतो, पण हात तुमचे. मी सांगेन तसं करायचं. आणि कोण म्हणालं ट्वीटर जळाला? मीटर लावलं होतं का कोणी?”

मीटर कोणीच लावले नव्हते.

11 ऑगस्टच्या रविवारी सकाळी विहारात सतरंजी अंथरून आम्ही बसलो. ज्या कुटुंबांत वाजवणारी मुले आहेत, ज्या वस्त्यांत असे बॉक्स आहेत, त्यांना उपयोगी पडेल म्हणून आप्पांनी काय काय करायला लावले ते जरा सविस्तर सांगतो.

खोके उघडण्याआधी त्यांनी मागचा नॉब पाहायला लावला. बेसच्या बॉक्सला ट्वीटरचा आवाज कमी-जास्त करण्यासाठी मागे वेगळा नॉब असतो. ने-आण करताना तो पार खाली फिरतो आणि माणसे ट्वीटर गेला म्हणून रडत बसतात. आमचा नॉब मध्यावर होता. पूर्ण वाढवला, तरी काही नाही. मग त्यांनी वर्तमानपत्राची सुरळी केली, एक टोक आमच्या कानाला, दुसरे भोंग्याच्या तोंडाशी, आणि एका मुलाला माइकमध्ये नुसते “स्स्स्” करायला सांगितले. मोठ्या स्पीकराच्या आवाजात लहान आवाज दबून जातो, सुरळीतून नेमके कळते. भोंगा ठार मुका. नॉब फिरवताना खरखरसुद्धा नाही. म्हणजे नुसता कमी झाला नव्हता, कुठेतरी वाट तुटली होती.

मग अ‍ॅम्प्लिफायर बंद केला, नुसता बटणाने नाही, प्लग काढून, आणि बॉक्सची वायरही काढली. बॉक्स पाठीवर आडवा केला. भोंग्याचे चार स्क्रू काढताना आप्पा दोनदा ओरडले. स्पीकरच्या मागे भले मोठे लोहचुंबक असते, ते स्क्रू ड्रायव्हर हातातून ओढून घेते आणि टोक थेट कागदी पडद्यातून आरपार. आम्ही डाव्या हाताने पडद्यावर पुठ्ठा धरला. भोंगा अलगद वर उचलला, मागे लाल-काळ्या दोन वायरी. कोणती कुठे ते कागदावर लिहून ठेवले आणि दोन्ही काढल्या. वायरी न काढता मीटर लावले तर बाकीच्या सामानाचेही माप त्यात मिसळते, फसगत होते.

आता मीटर. आठ ओहमचा ट्वीटर चांगला असेल तर मीटरवर साधारण सहाच्या आसपास आकडा येतो. कॉइल जळून तुटली असेल तर काहीच येत नाही. (काही स्वस्त बॉक्सांत पिझो जातीचा ट्वीटर असतो. त्यात कॉइलच नसते, म्हणून तो धडधाकट असला तरी मीटर काही दाखवत नाही. असा ट्वीटर मीटर पाहून फेकून देऊ नये.) आम्ही दोन टोके लावली आणि आकडा आला 6.2.

आम्ही टोके काढून पुन्हा लावली. पुन्हा 6.2. आप्पांनी खिशातून घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल काढला आणि दोन वायरींनी क्षणभर टेकवायला सांगितला. भोंग्यातून स्पष्ट “टक्” आले. आप्पा नुसते म्हणाले, “हा कुठं जळालाय?”

वाचकहो, दुरुस्ती सोपी निघाली म्हणून आनंद व्हायला हवा होता. आमच्या पोटात मात्र गोळा आला. वहीत ‘ट्वीटर जळाला’ असे लिहिले होते, आणि तीन पावत्यांवर आमची सही होती.

ट्वीटर ठीक, म्हणजे दोष त्याच्या आधी. मागची पाटी उघडून क्रॉसओव्हर बाहेर घेतला. ही एक छोटी पट्टी असते, तिच्यावर तांब्याच्या तारेची गुंडाळी आणि कंडेन्सर. जाड आवाज मोठ्या स्पीकरकडे, बारीक आवाज ट्वीटरकडे अशी वाटणी ती करते. आमच्या बॉक्सवर साडेतीन हजार कंपनांची वाटणी लिहिली आहे. डाग दिलेल्या जागा आप्पांनी नखाने दाबून पाहायला सांगितल्या, वाहतुकीत गचके बसून त्या सुटतात. सगळ्या घट्ट. मग त्यांनी विचारले, “पट्टीवर काचेची नळी आहे का? गाडीच्या नंबरप्लेटच्या दिव्यात असते तशी?”

होती. दोन पितळी चिमट्यांत बसवलेला बोटाच्या पेराएवढा बल्ब. काच आतून काळी पडलेली, आतली तार तुटलेली. मीटर लावले, काही नाही.

स्पीकरच्या खोक्यात बल्ब कशाला, असे आम्हीही विचारले. तो उजेडासाठी नसतोच. ट्वीटरकडे जाणारी वीज या बल्बातून जाते. बल्बाच्या टोपीवर 12 व्होल्ट, 10 वॉट असे छापलेले होते. आमचे बीकॉमचे गणित : बाराचा वर्ग 144, भागिले 10, म्हणजे पूर्ण तापल्यावर विरोध 14.4 ओहम. तोच बल्ब थंड असताना मोजला तर सव्वा-दीड ओहमच भरतो. म्हणजे साधा आवाज असेल तेव्हा तो वाट अडवत नाही. जोर अति झाला की तापतो, पेटतो, विरोध कितीतरी पट वाढवतो आणि ट्वीटरला जाणारी वीज आवरतो. त्याच्याही शक्तीबाहेर गेले की स्वतः तुटतो, ट्वीटर वाचतो.

“हा एका झटक्यात जात नाही,” आप्पा म्हणाले. “काच काळी झालीय म्हणजे बराच वेळ पेटत होता. त्या रात्री अ‍ॅम्प्लिफायरचा लाल दिवा लागला होता का?”

लागला होता. आणि तो आम्ही पाहिला होता.

14 एप्रिलची ती रात्र. मिरवणूक उशिरा आली, कार्यक्रम उशिरा सुरू झाला. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनी रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. शेवटचा अर्धा तास उरला होता, रस्ता माणसांनी भरलेला, आणि पलीकडच्या गल्लीत दुसऱ्या मंडळाचा आवाज आमच्यापेक्षा मोठा. गायकाचा माइकही त्या रात्री याच बॉक्सला जोडला होता. त्या मुलाने गिटार वाजवता वाजवता वाकून आम्हाला सांगितले, “काका, लाल दिवा सारखा पेटतोय, जरा कमी करा.” आम्ही म्हणालो, “वर्षातनं एकदा जयंती येते रे, वाजू दे. नाल्यापर्यंत ऐकू गेलं पाहिजे.” आणि आवाजाचा नॉब आम्ही स्वतः वर सारला. त्याने आणखी एकदा हात केला. आम्ही पाठ फिरवली.

लाल दिव्याचा अर्थ आप्पांनी त्या दिवशी समजावला. अ‍ॅम्प्लिफायर आपल्या शक्तीच्या शेवटाला पोचला की आवाजाच्या लाटांची टोके सपाट कापली जातात. पूर्ण चौकोनी झालेली लाट तेवढ्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट शक्ती टाकते. शिवाय कापलेल्या टोकांतून मूळ गाण्यात नसलेले बारीक आवाज तयार होतात, आणि क्रॉसओव्हर आपल्या वाटणीप्रमाणे ते सगळे बिचाऱ्या ट्वीटरकडे पाठवतो. मोठा अ‍ॅम्प्लिफायर स्पीकर जाळतो आणि लहान जाळत नाही, हा सर्वत्र पसरलेला समज चुकीचा आहे. बेताने चालवलेल्या मोठ्यापेक्षा तोंड फाटेस्तोवर ओरडणारा लहान अ‍ॅम्प्लिफायर ट्वीटरला अधिक घातक. हे त्या मुलाला कळत होते. तो पुस्तकातून नव्हे, पार्टीबरोबर दहा ठिकाणी वाजवून शिकला होता. आम्ही पदवीधर, पण आम्हाला कळत नव्हते, आणि ऐकायचेही नव्हते.

बैठकीत तो काही बोलला नव्हता का? बोलला होता. “मी सांगितलं होतं” एवढे म्हणाला. कोणाला सांगितलेस, असे कोणी विचारले नाही. आम्ही समोर पेन घेऊन बसलो होतो. आम्हीही बोललो नाही. विसरलो होतो असे म्हणणे सोपे आहे. पण पंचशीलातले चौथे शील रोज तोंडाने म्हणणाऱ्याने तसे म्हणू नये. पुसट आठवत होते, आणि ते पुसटच राहिलेले बरे वाटत होते.

असो. बल्ब गाड्यांच्या सामानाच्या दुकानात मिळाला, वीस रुपयांना. टोपीवरचे आकडे जुळवून दोन घेतले. विहारात जमलेल्यांपैकी एकाने सुचवले, बल्बाच्या जागी वायरच जोडा, पुन्हा कटकट नको. आप्पा संतापले. वायर जोडली की पुढच्या वेळी बल्ब वाचेल आणि ट्वीटर जाईल, वीस रुपयांच्या जागी चार हजार. जास्त वॉटचा बल्ब घालणे हाही तोच प्रकार. नवा बल्ब चिमट्यांत बसवण्याआधी चिमटे पॉलिश पेपरने घासले, मीटर लावले, 1.3 ओहम. मागच्या नॉबातली खरखर सफाईच्या स्प्रेने आणि वीसेक वेळा फिरवून गेली. लाल-काळ्या वायरी कागदावर लिहिल्याप्रमाणे लावल्या, भोंग्याखालची फोमची पट्टी सरळ करून स्क्रू आवळले. त्याच मुलाने माइकमध्ये “स्स्स्” केले आणि विहारात भाजीला फोडणी पडल्यासारखा आवाज झाला.

त्या रात्री वाचनाच्या वेळी आजींनी आमच्याकडे वळून पाहिले. काही बोलल्या नाहीत, मान मात्र हलवीत नव्हत्या, ऐकत होत्या.

आमचे काम अजून बाकी होते. अध्यक्षांना सगळे सांगितले. ते सज्जन आहेत, पण म्हणाले, “पंधराशे रुपये गुपचूप परत करा. समितीची शोभा कशाला? पोरगंही विसरलं असेल.” आमचे मन एक दिवस तिकडे झुकले, हे लपवीत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पैसे पाकिटात घालून ताईंच्या घरी गेलो. मुलगा कामावर निघायच्या तयारीत होता. आम्ही उंबऱ्यातच सगळे सांगून टाकले : ट्वीटर जळालाच नव्हता, बल्ब गेला होता, आणि तो आमच्यामुळे गेला होता. त्याने लाल दिव्याचे सांगितले होते, तेही. पाकीट पुढे केले.

ताईंनी ते घेतले नाही. म्हणाल्या, “भाऊ, पैशाचं राहू द्या. वहीत काय लिहिलंय ते आधी दाखवा. पोरानं वाचलंय ते. त्याच्या मोबाईलमध्ये फोटो आहे त्याचा. तीन महिने रात्री उघडून बघतो.”

मुलगा खाली बघत बुटांच्या नाड्या बांधीत होता.

हिशेबाच्या वहीत खाडाखोड करायची नसते, पान फाडायचे नसते. चुकीची नोंद तशीच ठेवून तिच्या उलट नोंद करायची, तारीख घालून, कारण लिहून. कॉलेजात शिकलेल्यातले एवढे एक आम्हाला पक्के आठवते. 19 ऑगस्टच्या श्रावण पौर्णिमेला वंदना झाल्यावर आम्ही उभे राहिलो आणि नवी नोंद सर्वांसमोर वाचली : “मे 2024 ची नोंद चूक आहे. ट्वीटर जळालेला नव्हता. संरक्षक बल्ब तुटला, त्याचे कारण खजिनदाराने अ‍ॅम्प्लिफायर मर्यादेबाहेर चालविला. बेस वाजविणाऱ्याने वेळीच दोनदा सूचना दिली होती. घेतलेले रु. 1,500 परत. बल्बाचे रु. 40 खजिनदाराकडून वसूल.” वाचताना दोनदा घसा बसला. नवा बल्ब होता, प्रत्येक शब्द मागच्या भिंतीपर्यंत लख्ख गेला. अध्यक्ष पंख्याकडे पाहत होते. ताई दाराशी उभ्या होत्या, आत येऊन बसल्या नाहीत.

मुलगा त्या दिवशी आला नाही, पाळी होती. पुढच्या रविवारी दुपारी आला. वही मागितली, नोंद वाचली, मोबाईलमध्ये तिचाही फोटो घेतला. पावतीवर सही करून पैसे मोजून घेतले. मग बॉक्सपाशी गेला, मागचा नॉब फिरवून पाहिला, भोंग्यावर बोटाने टिचकी मारली. पार्टीत परत येणार का, हे विचारायचे आमच्या ओठावर आले होते, पण विचारण्याचा हक्क आम्हाला वाटला नाही.

जाता जाता तो म्हणाला, “काका, बल्ब दोन आणले होते ना? दुसरा कुठाय?”

आम्ही कपाटातून काढून दिला. त्याने तो कागदात गुंडाळला, मागची पाटी उघडून आतल्या बाजूला चिकटपट्टीने चिकटवला आणि वर पेनाने लिहिले : 12 व्होल्ट, 10 वॉट.